बिनतारी दुवा कोठें तुटला ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीच्या अखेरची गोष्ट. दहावीचे निकाल लागले होते. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरले जात होते. आणि पसंतीच्या महाविद्यालयांची यादी देण्यास दोनच दिवस उरले होते. अशा वेळीं आमच्या शाळेंतून नुकताच उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह सायंकाळीं माझ्या घरीं आला. घाटकोपरच्या असल्फा डोंगरावरील एका चाळींत हें कुटुंब राहतें. वडील रात्रपाळीस पहारेकऱ्याचें काम करितात. घरांत मोबाइल एकच, आणि तो त्यांच्याबरोबर कामावर जातो. मुलाच्या अभ्यासासाठीं म्हणून त्यांनीं लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला लॅपटॉप आणिला होता व केबलवाल्याकडून इंटरनेटही घेतलें होतें. लॅपटॉपवर लिनक्स नांवाची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम होती. बाकी सर्व ठीक चाले. परंतु पंधरा दिवसांपासून त्यास वाय-फाय म्हणून लागेना.

“सर, भंगारवाला तीनशें रुपये देतो म्हणतो,” वडील म्हणाले. “उद्यां देऊन टाकावा असा विचार आहे. पण हा म्हणतो, एकदां सरांना दाखवूं.”

मीं मुलास विचारलें, “आजवर काय काय करून पाहिलेंस ?”

“सगळें केलें, सर. एकदां सिस्टिम पुसून पुन्हां घातली. मग मोबाइलवर बघून पुष्कळ कमांड दिल्या.”

“कोणत्या ?”

तो गप्प राहिला. त्यास एकही नीट आठवेना.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रांतील खरा बिघाड काय होता तें पुढें येईलच; परंतु त्या मुलाच्या गप्प राहण्यांतच अर्धा बिघाड मला दिसला. दोष शोधणें ही एक विद्या आहे. तिला फार मोठी बुद्धि लागत नाहीं, क्रम लागतो. वाय-फायचा दुवा म्हणजे एक सांखळी आहे. तिची कोणती कडी तुटली आहे हें एका टोकापासून पाहत गेलें, तर तुटलेली कडी सांपडल्यावांचून राहत नाहीं; आणि सर्व कड्यांवर एकदम हातोडा मारीत सुटलें, तर धड असलेल्या कड्याही तुटतात. त्या सायंकाळीं आम्ही दोघे त्या सांखळीवरून कसे गेलों तें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. आपल्या वर्गांतील पुष्कळ घरीं आतां अशींच जुनीं यंत्रें आलीं आहेत, त्यांस त्याचा उपयोग होईल.

बिनतारी म्हणजे काय ?

आधीं ह्या सांखळींतील जी कडी डोळ्यांस दिसत नाहीं तिच्याविषयीं दोन शब्द. आपल्या शहरास बिनतारी कांहीं नवी नाहीं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून येथील हवेंतून गाणें व बातम्या वाहत आहेत. पुढें १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास सरकारी परवाना आवश्यक झाला, व घरांत रेडिओ ठेवणाऱ्यास कित्येक वर्षें त्याची फी भरावी लागे.

रेडिओ व लॅपटॉप ह्यांत दोन मोठे भेद आहेत. रेडिओ केवळ ऐकतो. लॅपटॉपास ऐकावेंही लागतें आणि बोलावेंही लागतें. एकाचें बोलणें दुसऱ्यास पोंचलें नाहीं, तरी संभाषण थांबतें. दुसरा भेद लहरींच्या लांबीचा. रेडिओच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांब असतात. वाय-फायची एक लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वितीहूनही आंखूड, आणि नव्या पट्ट्यांतील तर सुमारें सहा सेंटिमीटरच. मध्यम लहर टेकडीस वळसा घालून जाते. ही चिमुकली लहर लोखंडी सळ्यांच्या सिमेंटी भिंतींतून जातांना दमते, पाण्याच्या टांकींत विरते, आणि पत्र्याच्या भिंतीवरून तर चेंडूसारखी परतते. चाळींत एका खोलींत वाय-फाय उत्तम आणि पत्र्याच्या पार्टिशनापलीकडे नांवालाही नाहीं, असें होतें तें ह्यामुळें.

ह्या आंखूड लहरींसाठीं सरकारनें परवान्याचें बंधन काढून टाकिलें. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ सालीं असा मोकळा झाला. त्यामुळेंच आज कोणीही बाजारांतून राउटर आणून विनापरवाना लावूं शकतो. आणि त्यामुळेंच मुलुंड-बोरिवलीच्या एकेका इमारतींत तीस-तीस राउटर एकाच पट्ट्यांत एकमेकांवर ओरडत असतात. जो रस्ता सर्वांस मोकळा, तेथें गर्दी व्हावयाचीच.

मुक्त प्रणाली आणि तिचें दुखणें

आतां ऑपरेटिंग सिस्टिमविषयीं. हिला आपण यंत्राचा कारभारी म्हणूं. पडदा, कळफलक, वाय-फायची चिप, ह्या सर्वांकडून काम करवून घेणें हें त्या कारभाऱ्याचें काम. बहुतेक कारभारी आपलें दप्तर कोणास दाखवीत नाहींत. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं असा संकल्प जाहीर केला कीं, ज्याचें दप्तर सर्वांस खुलें असेल, जें कोणीही वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें, असा एक कारभारी निर्माण करावयाचा. त्यास लागणारा गाभा १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरव्हाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिहून लोकांपुढें ठेविला. तोच लिनक्स. उबुंटू, डेबियन, मिंट हीं सर्व त्याचींच कुटुंबें.

आपल्या घरीं त्याचें येणें होण्याचें कारण साधें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला; आणि पुढील आवृत्ति जुन्या यंत्रांवर कंपनीच्या नियमांप्रमाणें चढत नाहीं. यंत्र धडधाकट, परंतु कारभारी निवृत्त, अशी असंख्य लॅपटॉपांची स्थिति झाली. अशा यंत्रांस लिनक्स हा पुनर्जन्म आहे, आणि त्यास पैसे पडत नाहींत.

परंतु ह्या मुक्त प्रणालीचें एक जुनें दुखणें आहे, तें वाय-फायचें. प्रत्येक चिपची स्वतःची बोली असते. ती जाणणारा एक दुभाष्या कारभाऱ्याजवळ असावा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. शिवाय पुष्कळ चिपांना जागें होतांच स्वतःच्या पोटांत घालावयास एक लहानशी फाइल लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. कित्येक वर्षें अनेक चिप-कंपन्या आपली बोली कोणास शिकवीत नसत, व ती फाइलही मुक्तपणें वांटूं देत नसत. ब्रॉडकॉमसारख्या मोठ्या कंपनीनें आपल्या नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० सालीं. डेबियनसारख्या कट्टर मंडळानेंही सभासदांचें मत घेऊन २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असल्या फर्मवेअर-फाइली आपल्या मुख्य प्रतींतच घालण्यास आरंभ केला. तेव्हां दुखणें पुष्कळ कमी झालें आहे. परंतु जुन्या यंत्रांत तें अजून भेटतें.

आतां सांखळीकडे वळूं. पुढें दिलेल्या आज्ञा मीं नागरी अक्षरांत उच्चाराप्रमाणें लिहिल्या आहेत. ‘टर्मिनल’ नांवाच्या खिडकींत त्या लहान इंग्रजी अक्षरांनीं द्यावयाच्या.

सुरुवातीचा प्रश्न : दोष कोणाचा ?

सर्वांआधीं मीं मुलाच्या वडिलांचा मोबाइल माझ्या घरच्या वाय-फायला जोडिला. तो लागला. ह्या एका मिनिटांत अर्धें रान बाद झालें : राउटर ठीक, केबल ठीक, दोष लॅपटॉपांतच. मोबाइलही लागला नसता, तर लॅपटॉपास हात लावण्याचें कारणच नव्हतें. राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हां चालू करावा, आणि तरीही न लागल्यास इंटरनेट देणाऱ्यास कळवावें, इतकेंच करावयाचें होतें. पुष्कळ मंडळी शेजाऱ्याच्या घरचा दिवा गेला आहे कीं काय हें न पाहतां आपला फ्यूज बदलीत बसतात, तशांतला हा प्रकार आहे.

पहिली कडी : चिप आणि तिचा दुभाष्या

‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा दिली, म्हणजे यंत्राच्या आंत बसविलेल्या अवयवांची यादी पडद्यावर येते. बाहेरून यूएसबीच्या तोंडांत खोंचलेला वाय-फायचा तुकडा असेल, तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. पहिल्या यादींत ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधावी. तिच्याखालीं ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असली, तर दुभाष्या कामावर हजर आहे असें समजावें. चिपचें नांवच नसेल, तर चिप सैल झालेली, बिघडलेली, अथवा यंत्राच्या मूळ मांडणींत बंद केलेली असते.

आमच्या यादींत चिप होती. तिच्यासाठीं योग्य दुभाष्याचें नांवही होतें. परंतु ‘इन यूज’ ही ओळ मात्र नव्हती. म्हणजे दुभाष्या घरांत आहे, पण त्यास कोणी तरी दाराबाहेर उभें केलें आहे. अशा बंदीच्या नोंदी ‘मोडप्रोब-डी’ ह्या कप्प्यांत असतात. तेथें पाहिलें, तों एका फाइलींत ‘ब्लॅकलिस्ट’ असा शब्द व पुढें ह्याच दुभाष्याचें नांव ! मुलाचा चेहरा उतरला. मोबाइलवर वाचून त्यानेंच ती ओळ घातली होती. दुसऱ्या कोणाच्या यंत्रांत दोन दुभाषे एकमेकांशीं भांडत होते, म्हणून एकास बंदी घालण्याचें तें औषध होतें. ह्याच्या यंत्रांत एकच दुभाष्या, आणि त्यासच बंदी झाली. ती फाइल काढिली, यंत्र पुन्हां चालू केलें. दुभाष्या हजर झाला.

दुभाष्या हजर असूनही चिप उठत नसेल, तर फर्मवेअरची शंका घ्यावी. ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा कारभाऱ्याची रोजनिशीच उघडते. तींत ‘फर्मवेअर’ ह्या शब्दाशेजारीं ‘फेल्ड’ व ‘उणें दोन’ हा आंकडा दिसला, तर “जी फाइल मागितली ती मिळाली नाहीं” असा त्याचा अर्थ. मग ती फाइल आणावी. परंतु इंटरनेट नसतांना ती आणावी कशी ? येथें पुष्कळ जण अडतात. उपाय सोपा आहे : मोबाइल चार्ज करण्याच्या दोरीनें लॅपटॉपास जोडावा आणि मोबाइलच्या मांडणींत ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करावें. लॅपटॉपास तें तारेनें आलेलें इंटरनेट वाटतें. त्यास वाय-फायच्या चिपची गरजच पडत नाहीं. मग उबुंटूंत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ ही खिडकी उघडून काम करावें. कोणत्याही लिनक्सवाल्यानें ही दोरीची युक्ति प्रथम शिकून ठेवावी.

दुसरी कडी : दार उघडें आहे काय ?

दुभाष्या आला तरी वाय-फाय दिसेना. मुलगा म्हणाला, “सर, सिस्टिम परत घालूं या ?” मीं म्हटलें, “आधीं यंत्रास विचारूं.” ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली. हिच्या उत्तरांत दोन ओळी महत्त्वाच्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढें ‘येस’ असेल, तर वाय-फाय आज्ञेनें बंद केलेलें आहे. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटलें कीं उघडतें. ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढें ‘येस’ असेल, तर मात्र जगांतील कोणतीही आज्ञा चालत नाहीं. तें दार हातानेंच उघडावें लागतें. आमच्या उत्तरांत दुसरें ‘येस’ होतें.

जुन्या पुष्कळ लॅपटॉपांच्या कडेस नखाएवढी एक सरकपट्टी असते, किंवा वरच्या ओळींत विमानाचें वा मनोऱ्याचें चित्र असलेली कळ असते. मीं यंत्र उचलून कडा दिव्याखालीं धरिल्या. समोरच्या कडेस, बोटास सहज लागणार नाहीं अशी, ती पट्टी होती. आणि ती बंद बाजूस सरकलेली होती. बहुधा पिशवींतून काढघाल करितांनाच ती सरकली असावी. नखानें सरकविली. क्षणांत पडद्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायचीं बारा-पंधरा नांवें उमटलीं.

वडील खुर्चींतून उठून पाहूं लागले. “एवढंच होतं ?” ते म्हणाले. मुलास मग आठवलें कीं, अगदीं पहिल्या दिवशीं कोपऱ्यांतील चित्रावर टिचकी मारितां “वाय-फाय इज डिसेबल्ड बाय हार्डवेअर स्विच” अशी फिकट अक्षरांतील ओळ दिसली होती. यंत्रानें पहिल्याच दिवशीं खरें सांगितलें होतें. आपण तें वाचलें नाहीं.

तिसरी कडी : हांक ऐकूं येते काय ?

‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ह्या आज्ञेनें आसपासचीं वाय-फायें, त्यांचा चॅनेल व शंभरपैकीं जोर, अशी यादी मिळते. स्वतःच्या घरचें नांव यादींत नसेल आणि इतरांचीं असतील, तर दोन कारणें संभवतात. एक, राउटर ५ गिगाहर्ट्झवर बोलत असून जुन्या चिपला तो पट्टा ऐकूंच येत नाहीं; राउटरवर २.४ चा पट्टाही चालू करावा. दुसरें, राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर बसलेला आहे. आपल्या देशांत १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेंत ११ पर्यंतच. परदेशाच्या नियमांवर बसविलेलें यंत्र वरचे दोन चॅनेल ऐकतच नाहीं. यंत्राचा देश भारत असा लावावा, किंवा राउटर खालच्या चॅनेलवर आणावा.

नांव दिसतें, पण जोर कमी आणि वेग मंद, अशी तक्रार असेल, तर गर्दीचा विचार करावा. २.४ च्या पट्ट्यांत चॅनेल पांच-पांच मेगाहर्ट्झवर मांडलेले आहेत, परंतु एकेकाचा आवाज वीस मेगाहर्ट्झ रुंद असतो. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायांत येत नाहींत. यादी पाहून ह्या तिहींपैकीं जेथें गर्दी कमी तो घ्यावा. राउटर लोखंडी कपाटामागें वा जमिनीवर ठेवूं नये. उंच व मोकळ्या जागीं ठेवावा.

चौथी कडी : ओळख पटते काय ?

नांव दिसतें, पासवर्ड मागतें, आणि पुन्हां पुन्हां मागतच राहतें. तेव्हां पासवर्ड चुकतो आहे असें समजावें. तो दिसेल असा करून टंकावा. मराठी लिहिणाऱ्यांच्या यंत्रांत कधीं कधीं कळफलक मराठीवरच राहिलेला असतो, आणि ठिपक्यांआड तें कळत नाहीं. जुना साठविलेला पासवर्ड ‘फरगेट’ करून नव्यानें द्यावा. राउटर केवळ नव्या डब्ल्यूपीए-३ पद्धतीवर असेल, तर जुन्या चिपची ओळख पटत नाहीं. राउटरवर डब्ल्यूपीए-२ व ३ मिश्र अशी निवड असते, ती करावी.

पांचवी कडी : पत्ता आणि रस्ता

वाय-फाय लागलें म्हणजे इंटरनेट लागलें असें नव्हे. राउटर प्रत्येक यंत्रास एक पत्ता देतो. ‘आयपी अॅड्रेस’ ही आज्ञा दिल्यावर वाय-फायपुढें १९२.१६८ नें आरंभ होणारा आंकडा दिसला, तर बहुधा पत्ता मिळाला आहे. १६९.२५४ नें आरंभ झाला, तर राउटरनें उत्तर दिलें नाहीं व यंत्रानें आपलाच कांहीं पत्ता ठोकून दिला आहे असें समजून दुवा सोडून पुन्हां जोडावा.

नंतर ‘पिंग’ ह्या आज्ञेनें क्रमानें तिघांस हांक मारावी : आधीं राउटरच्या पत्त्यास, मग बाहेरील एखाद्या आंकडी पत्त्यास, जसें ८.८.८.८, आणि शेवटीं एखाद्या संकेतस्थळाच्या नांवास. राउटर ओ देतो, बाहेरचा देत नाहीं, तर दोष घराबाहेरचा. आंकडा ओ देतो, नांव देत नाहीं, तर नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही सोय बिघडली आहे. ती मांडणींत बदलतां येते.

आमच्या तिन्हीं हांकांना उत्तर आलें. मुलानें आनंदानें प्रवेशाचें संकेतस्थळ उघडलें. आणि पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली कीं हें स्थळ सुरक्षित नाहीं!

शेवटची कडी : घड्याळ

खरें सांगावयाचें तर येथें मीही चुकणार होतों. माझा हात राउटरकडे गेला होता. परंतु आपणच घातलेला नियम आठवून मीं ती सूचना शेवटपर्यंत वाचिली. तींत असें होतें कीं, स्थळाचें प्रमाणपत्र “अद्याप लागू झालेलें नाहीं”. अद्याप ? मीं पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहिली. ती दोन वर्षांपूर्वींची होती.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असतें, आणि त्यावर तें कधींपासून कधींपर्यंत चालेल ह्याच्या तारखा असतात. ज्याचें घड्याळ मागें, त्यास आजचें प्रमाणपत्र उद्यांचें वाटतें, व तो तें नाकारतो. लॅपटॉप बंद असतांना घड्याळ चालविणारी एक लहान गोल बॅटरी आंत असते; ती बहुधा सी-आर २०३२ ह्या जातीची असते. वर्षांनीं ती संपते, आणि मग यंत्र प्रत्येक खेपेस जुन्या काळांत जागें होतें. एरवीं लिनक्स इंटरनेट लागतांच वेळ आपोआप सुधारून घेतें. परंतु मुलानें वेळ हातानें लावण्यासाठीं ती सोय बंद केली होती. ‘टाइमडेटसीटीएल’ ह्या आज्ञेनें तें उघड झालें. सोय चालू केली, तारीख पुढें आली, संकेतस्थळ उघडलें. त्याच रात्रीं माझ्या टेबलावर त्यानें आपल्या पसंतीची यादी भरली.

आणखी एक दोष आमच्या वांट्यास आला नाहीं, पण पुष्कळांस येतो, म्हणून सांगतों. वाय-फाय लागतें, परंतु थोड्या थोड्या वेळानें गळतें. असें होतां चिपची वीज वांचविण्याची संवय आधीं तपासावी. ‘पॉवर सेव्ह’ बंद केल्यानें जुन्या चिपांची ही डुलकी कित्येकदां थांबते.

तीन नियम

आतां हिशेब पाहा. सरकपट्टी ही एक गांठ. मुलानें घातलेली बंदी ही दुसरी. घड्याळ ही तिसरी. पहिली गांठ नखानें सुटणारी होती. दुसरी आपणच मारलेली. तिसरी पहिल्या दोघींआड लपलेली. सिस्टिम पुसून पुन्हां घातल्यानें ह्यांतील पट्टी सरकली नसती व बॅटरीही भरली नसती. आणि पंधरा दिवसांचे श्रम मात्र खरोखरच फुकट गेले. ह्यांतून तीन नियम निघतात.

पहिला : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर पाहावें. एकदां मीं स्वतः घरीं राउटरचा चॅनेल, त्याची जागा आणि लॅपटॉपची वीज-संवय अशा तीन गोष्टी एकाच दुपारीं बदलल्या. वाय-फाय सुधारलें, परंतु कशानें सुधारलें हें मला आजतागायत ठाऊक नाहीं, आणि म्हणून पुन्हां बिघडल्यास मी तितकाच अडाणी आहें.

दुसरा : वही ठेवावी. काय केलें, कधीं केलें, यंत्र काय म्हणालें. रसायनशाळेंत तुम्ही निरीक्षण व अनुमान वेगळीं लिहितां, तशींच येथेंही लिहावीं. “वाय-फाय खराब आहे” हें अनुमान. “हार्ड ब्लॉक्ड, येस” हें निरीक्षण.

तिसरा : न समजलेली आज्ञा देऊं नये. ज्या आज्ञेच्या आरंभीं ‘सुडो’ हा शब्द आहे, ती यंत्राच्या सर्व कारभाराचें कुलमुखत्यारपत्र आहे. न वाचतां मुखत्यारपत्रावर सही करणारा मनुष्य जसा फसतो, तसाच येथेंही फसतो. आज्ञा कोणासाठीं लिहिली आहे, कोणत्या चिपसाठीं आहे, आणि ती परत कशी फिरवावी, हें कळल्यावरच द्यावी. शिकावयाची इच्छा असणाऱ्यांस साधनांची वाण नाहीं. आपल्या शेजारींच, पवईच्या आयआयटींत, ‘स्पोकन ट्युटोरियल’ नांवाचा उपक्रम चालतो. त्यांत लिनक्सचे लहान लहान धडे मराठींतूनही विनामूल्य पाहावयास व ऐकावयास मिळतात.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी यंत्र उघडून बसली आणि तें चालेना, म्हणजे “पैसे पाण्यांत गेले” असें आपण सहज म्हणून जातों. त्या एका वाक्यानें मूल घाबरतें. घाबरलेलें मूल घाई करितें. आणि घाईंत तें सर्व पुसून टाकितें. त्याऐवजीं त्याच्या शेजारीं बसून एवढेंच विचारावें : “यंत्र काय म्हणतें, मोठ्यानें वाच पाहूं.” आपणांस इंग्रजी येत नसलें तरी चालेल. वाचणाऱ्याचे स्वतःचेच कान तें ऐकतात, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच काम होतें.

जातांना वडिलांनीं लॅपटॉप स्वतःच्या हातीं घेतला, व ती सरकपट्टी बोटानें दोनदां चाचपून पाहिली. दुसऱ्या आठवड्यांत मुलाचा फोन आला. घड्याळाची बॅटरी त्यानें दुकानांतून आणून स्वतः बदलली होती. “सर, वहींत लिहिलं आहे,” तो म्हणाला, “तारखेसकट.”